अनुदान थांबवा, पण आधी हिशेबनीस पाठवा

एखादे अनुदान बंद करावयाचे झाल्यास शासनाला मंत्रिमंडळाची एक बैठक, एक शासननिर्णय आणि पत्रकारांसमोर अर्ध्या तासाचा खुलासा एवढी सामग्री पुरते. परंतु त्या अनुदानाच्या भरवशावर ज्याने आपल्या साऱ्या वर्षाचा अंदाज बांधलेला असतो, त्या खातेदाराला दुसऱ्या दिवसापासून काय करावे हे समजावून सांगणारा अंमलदार कोणत्याही दप्तरात नेमलेला नसतो. अनुदाने कायम राहावीत की जावीत, या प्रश्नावर महाराष्ट्रात गेली चाळीस-पन्नास वर्षे हिरिरीने वाद झाला आणि पुढेही होईल. पण जे अनुदान जाणार हे ठरलेलेच आहे, ते जाण्यापूर्वी शेतकऱ्याला पुरेशी मुदत आणि विनामूल्य, निःस्वार्थ व्यवसायसल्ला देणे हे शासनाचे कर्तव्य आहे की नाही, हा प्रश्न विधिमंडळातही विचारला जात नाही आणि शेतकऱ्यांच्या मोर्चातही ऐकू येत नाही.

ताजे उदाहरण पीकविम्याचे आहे. खरीप 2023 पासून राज्य सरकारने शेतकऱ्याच्या हिश्शाचा विमाहप्ता स्वतः भरावयास आरंभ केला आणि शेतकऱ्याकडून केवळ एक रुपया घेतला. बनावट अर्जांच्या तक्रारी वाढल्या, खर्च वाढला आणि 29 एप्रिल 2025 रोजी मंत्रिमंडळाने ही योजना गुंडाळून सुधारित योजना मंजूर केली. आता खरिपाला विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याने भरावयाचा आणि नुकसानभरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावरून ठरावयाची. याच निर्णयाबरोबर शेतीतील भांडवली गुंतवणुकीसाठी दरवर्षी 5 हजार कोटी रुपयांची कृषी समृद्धी योजनाही जाहीर झाली. गैरप्रकार थांबवून पैसा पायाभूत कामांकडे वळविण्याच्या या हेतूत दोष काढण्याचे कारण नाही. दोष आहे तो मधल्या रिकाम्या जागेत. कारण एप्रिलअखेरीस निर्णय झाला आणि मेअखेरीसच पाऊस आला, त्या अवधीत विमा काढावा की काढू नये, याचा विचार ज्याने करावयाचा त्याच्याशी कोणी दोन शब्दही बोलले नाही.

या रिकाम्या जागेचे स्वरूप भिवंडी तालुक्यातील अकलोलीसारख्या गावी स्पष्ट दिसते. तानसा नदीच्या काठी वसलेले हे गाव बाहेरच्या लोकांना ठाऊक आहे ते उष्णोदकाच्या कुंडांमुळे आणि शेजारच्या वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या यात्रेमुळे. ज्या तानसेच्या काठी हे गाव आहे तिचे वरच्या अंगाला अडविलेले पाणी 1892 पासून मुंबईची तहान भागवीत आहे, तर गावच्या बहुतेक खाचरांचा भरवसा अद्याप मृगापासून हस्तापर्यंतच्या पावसावरच आहे. पावसाळ्यात भात, ओलावा टिकला तर त्यामागून वाल, नदीच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर पंप टाकण्याची ऐपत असेल तर काकडी, भेंडी आणि इतर भाजीपाला, असा या पट्ट्यातील शेतीचा सर्वसाधारण क्रम आहे. ही शेती उभी आहे ती मात्र निरनिराळ्या सरकारी आधारांवर. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण तिच्या खऱ्या किमतीचा मोठा भाग केंद्र सरकार भरते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला एप्रिल 2024 पासून वीज मोफत आहे. आणि आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी केलेल्या भात उत्पादकांना बोनस मिळत आला आहे, कधी क्विंटलमागे, तर कधी हेक्टरमागे. यांपैकी एकही आधार शाश्वत नाही. बोनसचा निर्णय वर्षावर्षाला होतो आणि बहुधा पीक हाती आल्यानंतर होतो. मोफत विजेच्या योजनेची मुदत तर तिच्या आदेशातच मार्च 2029 अशी लिहून ठेवलेली आहे.

विम्याचेच प्रकरण या खाचरांत नेऊन पाहावे. ठाणे जिल्ह्यातील भातशेतीचे खरे संकट पुष्कळदा पावसाळा संपता संपता येते. दाणा भरलेला असतो, ऑक्टोबरात कापणी होते, कापलेल्या भाताचे कडपे दोन-तीन दिवस उन्हात वाळण्यासाठी खाचरातच पसरलेले असतात, आणि नेमक्या त्या दिवसांत परतीचा पाऊस कोसळतो. लोंब्यांना मोड येतात, पेंढा काळा पडतो, दाणा आणि पावली दोन्ही हातची जातात. पूर्वीच्या विम्यात कापणीनंतर 14 दिवसांपर्यंतच्या अशा नुकसानीला वैयक्तिक पंचनाम्याने भरपाई मिळण्याची सोय होती. सुधारित योजनेने ती काढून टाकली. पुढे नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने, खरीप 2026 पासून भातपीक पाण्याखाली जाऊन होणारी हानी स्थानिक आपत्तीत पुन्हा धरली जाईल आणि तिची सूचना 72 तासांच्या आत छायाचित्रासह द्यावी लागेल, असे जाहीर केले. आता उभे पीक पाण्याखाली बुडणे आणि कापून पडलेले पीक भिजणे या दोहोंमधील भेद नियमाच्या भाषेत मोठा आहे, आणि एकराच्या धन्याच्या दृष्टीने तर सारी भरपाई त्या भेदावरच अवलंबून आहे. हा भेद त्याला हप्ता भरण्यापूर्वी समजावून कोणी द्यावयाचा? अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राच्या चालकाचे काम अर्ज भरून देण्याचे आहे, विमा कंपनीचे काम विमा विकण्याचे आहे, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयाला उद्दिष्ट असते ते अर्जांच्या संख्येचे. नव्या योजनेत राज्यभर अर्जांची संख्या लक्षणीय घटली. त्यांतील किती जणांनी विचारपूर्वक विमा नाकारला आणि किती जण केवळ संभ्रमामुळे बाहेर राहिले, हे कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही.

यावर कोणी म्हणेल की सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. गावोगाव कृषी सहायक आहेत, ज्यांचे पदनाम नुकतेच बदलून सहायक कृषी अधिकारी असे झाले. कर्जतच्या संशोधन केंद्राने कोकणाला भाताची उत्तमोत्तम वाणे दिली. दापोलीला 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे. आणि 2004 पासून किसान कॉल सेंटरच्या निःशुल्क क्रमांकावर मराठीत उत्तर मिळते. या साऱ्यांविषयी कृतज्ञता बाळगूनच म्हणावे लागते की या यंत्रणेची घडण उत्पादन वाढविण्यासाठी झालेली आहे. तुडतुडे पडले तर काय फवारावे, रोपे किती दिवसांची झाली म्हणजे लावणी करावी, युरियाच्या ब्रिकेट चार रोपांच्या मध्ये कशा खोचाव्यात, या प्रश्नांना तेथे शास्त्रशुद्ध उत्तर आहे. परंतु बोनस आला नाही तर एकरभर भात लावणे परवडेल काय, उधारीवर घेतलेल्या खताचे खरे व्याज किती पडते, भात विकावे की भरडून तांदूळ विकावा, धाकट्या भावाचे नाव सातबारावर चढविण्यास विलंब लावल्याने कोणकोणत्या योजना हातच्या जातात, असे प्रश्न घेऊन जाण्यास त्या यंत्रणेत खिडकीच नाही. शिवाय त्या बिचाऱ्या कृषी सहायकाच्या माथी इतके तक्ते, इतकी पोर्टले आणि इतकी सर्वेक्षणे मारलेली आहेत की, शेतकऱ्याजवळ बसून त्याचा जमाखर्च मांडावयास त्याला उसंत मिळणे कठीण.

मात्र सल्ल्याची गरज अशी वस्तू नव्हे की सरकारने भागविली नाही म्हणून ती नाहीशी व्हावी. ती कोणीतरी भागवितोच. आज ती दोघे भागवितात. पहिला खत-बियाण्यांचा दुकानदार. त्याचा सल्ला फुकट असतो, तत्पर असतो आणि पुष्कळदा अनुभवाचाही असतो. पण युरियाच्या गोणीबरोबर जे दोन डबे पिशवीत पडतात त्यांची किंमत त्या सल्ल्यातच वसूल झालेली असते. दुसरा सल्लागार भिवंडी तालुक्याचे वैशिष्ट्य म्हणावा लागेल, आणि तो म्हणजे जमिनीचा दलाल. भिवंडीच्या परिसरात मैलोगणती गोदामे उभी राहिली, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गासाठी भूसंपादन झाले, आणि 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पा याच तालुक्यातील आमणेपर्यंत खुला झाला. तेव्हापासून नव्हे, त्याच्याही कितीतरी आधीपासून शेतकऱ्याच्या ओटीवर बसून, कागदावर आकडे मांडून, भातात किती मिळते आणि विकून किती मिळेल याची तुलना सविस्तर करून दाखविणारा माणूस जर कोणी असेल तर तो दलाल होय. शेतीचा व्यवसाय म्हणून हिशेब मांडून देणारा हा एकमेव गृहस्थ, आणि त्याच्या प्रत्येक हिशेबाचे उत्तर आधीच ठरलेले! जमीन विकणे प्रत्येक वेळी चूकच असते असे मुळीच नाही. पण ज्या निर्णयाने एका घराण्याचा सातबारा कायमचा कोरा होतो, त्या निर्णयापूर्वी दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडणारा कोणी असावा, इतकी अपेक्षा अवाजवी ठरू नये.

हा दुसऱ्या बाजूचा हिशेब कसा असेल, त्याचा एक नमुना येथे देतो. आकडे केवळ उदाहरणादाखल धरावेत. समजा, एकरी दहा क्विंटल सुके भात हाती आले. 2025-26 च्या हंगामाला साधारण भाताचा आधारभूत भाव क्विंटलला 2,369 रुपये होता. म्हणजे केंद्रावर विकून 23,690 रुपये झाले. काही वर्षे मिळाला तसा हेक्टरी 20 हजारांचा बोनस मिळाला, तर एकराला त्याचे आठ हजार होतात. याचा अर्थ असा की भातापासून येणाऱ्या एकूण आवकीचा चौथा हिस्सा विधानभवनातील घोषणेवर लटकलेला आहे, आणि लावणीच्या मजुरीचा दर मात्र कोणत्याही घोषणेची वाट न पाहता जूनमध्येच ठरतो. आता तेच भात भरडले आणि शंभराला पासष्ट किलो तांदूळ उतरला, तर साडेसहा क्विंटल तांदूळ झाला. तो किलोला 45 रुपयांनी गिऱ्हाइकाला थेट विकला तर 29,250 रुपये येतील. वरचे साडेपाच हजार दिसावयास बरे दिसतात. पण भरडाई, गोण्या, वाहतूक, उंदीर-घूस आणि तीन-चार महिने पैसा अडकून राहण्याचे व्याज त्यांतून वजा घातले, की बोनस गेल्याने पडलेला खड्डा केवळ तांदूळ विकून भरत नाही हे सत्य उघडे पडते. मग पुढचे प्रश्न सुचतात. साध्या जातीऐवजी, शेजारच्या वाडा तालुक्यातील ज्या कोलमला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले, तसा नाव असलेला बारीक तांदूळ परवडेल काय, आणि मानांकनाच्या हद्दीबाहेरच्या शेतकऱ्याने ते नाव लावणे कायद्यात बसेल काय? पावली कोणाला विकावी? वाल किती क्षेत्रात घ्यावा? रविवारी कुंडांवर आणि देवीच्या दर्शनाला जी गर्दी लोटते, तिला तांदूळ, वाल आणि काकडी विकण्यासाठी पाच घरांनी मिळून एक गाळा घेतला तर त्याचे भाडे निघेल काय? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच असू शकत नाही; ते त्या घराच्या माणसांवर, कर्जावर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणूनच ते पत्रक छापून देता येत नाही; त्यासाठी माणूस घरी यावा लागतो.

ही कल्पना आपल्या मातीला अपरिचित नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर जमाखर्च तपासून 1917 साली तो प्रसिद्ध केला, तेव्हा केवळ जमिनीच्या उत्पन्नावर बहुसंख्य कुटुंबांचा निर्वाह होत नाही हे प्रथमच आकड्यांनी सिद्ध झाले. पुढे गोखले अर्थशास्त्र संस्थेने धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली वाई तालुक्यातील शेतीधंद्याची पाहणी करून 1940 साली ती ग्रंथरूपाने काढली. तिचा विषयच मुळी व्यवसाय म्हणून शेती हा होता. आणि हेच गाडगीळ पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या निमंत्रणावरून लोणीला गेले आणि प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950 साली त्या कारखान्याचे गाळप सुरू झाले, त्यामागे शेतकऱ्यांचे भाग भांडवल आणि विखे पाटलांचे कर्तृत्व तर होतेच. पण भांडवल किती लागेल, कर्ज किती पेलेल, नफ्यातून राखून काय ठेवावे, हे सांगणारा आणि त्यात स्वतःची एक कांडीही ऊस नसणारा एक अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांच्या शेजारी बसला होता, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये. निःस्वार्थ सल्ल्याचे मोल काय, याचा याहून बोलका दाखला देता येणार नाही.

परदेशांतील अनुभवही विचारात घेण्याजोगा आहे. न्यूझीलंडमध्ये 1984 साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने शेतीची बहुतेक अनुदाने अल्पावधीत रद्द केली. हजारो कुटुंबे शेती सोडतील असे भाकीत झाले होते. प्रत्यक्षात सोडणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक टक्का राहिले, असे तेथील शेतकरी संघटना सांगते. हा दाखला आपल्याकडे उत्साहाने दिला जातो. मात्र ज्यांना शेती सोडणे भाग पडले त्यांना तेथे निर्गमनसाह्य मिळाले आणि ग्रामीण बँकेने अनेकांची कर्जे कमी करून दिली, हा भाग सांगावयाचा राहून जातो. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यानंतर इंग्लंडने जमिनीच्या क्षेत्रावर मिळणारी थेट रक्कम 2021 पासून टप्प्याटप्प्याने घटवीत 2027 पर्यंत संपविण्याचे ठरविले, आणि त्याच काळात स्वतंत्र निधी उभारून शेतकऱ्यांना विनामूल्य व्यवसायसल्ला देऊ केला. सल्लागार शेतावर जाई, जमाखर्च पाही आणि अनुदानाविना हा व्यवसाय कसा चालेल याचा लेखी आराखडा करून देई. तेथील शेतकरी त्या धोरणावर संतुष्ट आहेत असे मुळीच नाही, आणि शेकडो एकरांच्या शेताचा धडा एकरभर खाचराला जसाच्या तसा लागू पडणारही नाही. घेण्याजोग्या गोष्टी दोन: आधी कळविलेली मुदत आणि मुदतीच्या काळात घरी आलेला माणूस.

या सूचनेवरील सर्वांत गंभीर आक्षेप शेतकरी चळवळीकडून येईल, आणि तो ऐकून घेतला पाहिजे. शरद जोशी यांनी आंबेठाणला स्वतः शेती करून, तिचा काटेकोर हिशेब ठेवून जो सिद्धांत मांडला, त्याचे सार असे की भारतीय शेतकऱ्याला मिळते ते अनुदान उणे आहे. एका हाताने जे दिले जाते त्याहून अधिक दुसऱ्या हाताने भाव पाडून काढून घेतले जाते. सरकारने 20 जुलै 2023 रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि ती सप्टेंबर 2024 अखेरीस उठविली, हे पाहिले म्हणजे त्या सिद्धांताची धार अद्याप बोथट झालेली नाही हे मान्य करावे लागते. मग भाव पाडणाऱ्या सरकारनेच शेतकऱ्याला हिशेब शिकवावा, हा दांभिकपणा नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्पन्न काय होते? जोशींनी जो सिद्धांत मांडला तो जमाखर्चाच्या वहीतूनच मांडला. ज्याच्या हाती स्वतःचा हिशेब आहे तो शेतकरी अधिक मुकाट होत नाही, अधिक नेमके बोलतो. भाव पाडल्याने आपले एकरी किती गेले हे ज्याला रुपयांत सांगता येते, त्याची फिर्याद सहजासहजी फेटाळता येत नाही. सल्ला हा रास्त भावाला पर्याय म्हणून कोणी पुढे करीत असेल तर त्याला विरोधच केला पाहिजे. रास्त भाव मागण्याचे साधन म्हणून तो मिळत असेल तर तो नाकारण्यात शहाणपण नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे: सल्लागार म्हणजे आणखी एक पद, आणखी एक पोर्टल आणि आणखी एक ठेका. ही भीती खोटी नाही, म्हणून काही अटी आरंभीच घातल्या पाहिजेत. सल्लागाराने कोणतीही वस्तू, विमा वा कर्ज विकता कामा नये आणि त्याच्या कामाचे मोजमाप अर्जांच्या संख्येवर होऊ नये. त्याने दिलेला सल्ला लेखी, मराठीत, आकड्यांसह आणि सहीनिशी असावा, म्हणजे तो चुकला तर जाब विचारता येईल. शेतकऱ्याचा जमाखर्च हा त्याचा खाजगी दस्तऐवज समजावा. तो बँकेला, महसूल खात्याला वा जमीन घेणाराला दाखविण्यास सक्त मनाई असावी. सल्ला मिळण्यासाठी सातबारावर नाव असण्याची अट नसावी, कारण लावणीपासून झोडणीपर्यंत राबणारी घरची बाई बहुधा सातबारावर नसते, आणि वाट्याने खाचर करणारा कातकरी तर कोणत्याच कागदावर नसतो. माणसे शोधण्यास दूर जावयास नको: सहकारी बँकांतून आणि सेवा सोसायट्यांतून निवृत्त झालेले, पीककर्जाच्या वह्या कोळून प्यालेले कितीतरी हिशेबनीस प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या हाताखाली कृषी आणि वाणिज्य शाखांचे तरुण पदवीधर द्यावेत, म्हणजे जुन्याचा अनुभव आणि नव्याची पायपीट यांचा मेळ बसेल.

खर्चाची सबब तर टिकणारीच नाही. कृषी समृद्धी योजनेच्या वार्षिक 5 हजार कोटींपैकी केवळ शंभरावा हिस्सा बाजूला काढला तरी 50 कोटी होतात; राज्याच्या 358 तालुक्यांत ते वाटले तर दर तालुक्याला जवळजवळ 14 लाख रुपये येतात. एवढ्यात दोन चांगली माणसे, त्यांची मोटारसायकल आणि एक टेबल सहज भागते. यंत्रे, शेततळी आणि गोदामे यांवर खर्च होणाऱ्या उरलेल्या नव्व्याण्णव हिश्श्यांपैकी किती हिस्से योग्य शेतात पडतील, हेही या दोन माणसांवरच अवलंबून राहील.

कामाला हात घालण्यासाठी नव्या संकटाची वाट पाहण्याचे प्रयोजन नाही, कारण पुढची तारीख सरकारनेच लिहून दिलेली आहे. मोफत विजेची मुदत मार्च 2029 अखेर संपते. ती वाढेलही, कदाचित वाढणार नाही; निवडणुकांच्या हवामानावर ते ठरेल. पण तानसेच्या काठी पंपावर काकडी-भेंडी करणाऱ्या शेतकऱ्याला, वीजबिल पुन्हा येऊ लागले तर एकरी किती बोजा पडेल, तो कोणते पीक पेलेल, सौर पंपाचा आपला हिस्सा किती वर्षांत फिटेल आणि पाणी शेजाऱ्याशी वाटून घेतले तर किती वाचेल, हे त्या तारखेच्या निदान दोन खरीप हंगाम आधी घरी येऊन समजावून दिलेच पाहिजे. तशी तरतूद करावी आणि यापुढे अनुदान बंद करण्याच्या प्रत्येक शासननिर्णयात मुदतीचे एक कलम आणि सल्ल्याचे एक कलम बंधनकारक करावे. ज्या निर्णयात ही दोन कलमे नसतील त्याला मंजुरी देण्याचे विधिमंडळाने साफ नाकारावे.